सुगी संपली की संमेलन

बेळगाव शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९२९, १९४६ आणि २००० साली भरलं. भोवतालच्या खेड्यांना एवढी वाट बघणं परवडत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांतून एका रविवारी दिवसभराचं संमेलन भरतं. भरवणारे असतात शेतकरी, फौंड्रीतले कामगार, शिक्षक, गवंडी आणि डेअरीला दूध घालणाऱ्या बायका. आमचं मंडळ त्यांतलंच एक, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

तारीख सुगीवर ठरते. भाताची मळणी होऊन पोती घरात आल्याशिवाय माणूस हाती लागत नाही. पुढे लग्नसराई आणि जत्रा लागल्या की मांडववाला मिळत नाही, आचारीही नाही. मधल्या मोजक्या रविवारांत शेजारच्या गावाची तारीख टाळून बसवायचं, कारण श्रोते, कवी आणि स्पीकरवाला तेच.

पुरुषांची बैठक धारा काढून, जेवणं उरकून रात्री नऊला. बायकांची दुपारी तीनला, कारण नऊला त्यांची भांडी राहिलेली असतात. वही मात्र दोन्हीकडे एकच फिरते, नाहीतर फुलं दोनदा सांगितली जातात आणि पाण्याचा टँकर कुणीच सांगत नाही. पोलीस ठाण्याची परवानगी, तात्पुरती वीजजोडणी ही दिवसाची कामं रात्रपाळीवाल्यांकडे. वर्गणीची पावतीपुस्तकं दिवसपाळीवाल्यांकडे. प्रत्येक कामाला दोन माणसं. ऐन आठवड्यात कुणाची म्हैस विते, कुणाची सासू आजारी पडते, कुणाची पाळी बदलते. शनिवारची रजा सगळे टाकतात, सोमवारची कुणी टाकत नाही आणि खुर्च्या मोजून परत करायच्या असतात सोमवारीच. म्हणून सोमवारची चार नावं पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावी लागतात.

जेवणासाठी घरटी शेरभर तांदूळ जमतो. त्यात यंदाचा नवा इंद्रायणी असतो आणि दोन वर्षांचा जुना सोना मसुरीही. नवा कमी पाणी घेतो आणि चिकटतो, जुन्याला पाणी जास्त लागतं. एकाच पातेल्यात पडले तर नव्याचा गिचका होतो आणि जुना कच्चा राहतो. शाळेच्या व्हरांड्यात दोन पोती उघडी ठेवलेली असतात. वरच्या गल्लीतल्या काकू चार दाणे तळहातावर घेतात, एक दाताखाली फोडतात आणि “नवा” किंवा “जुना” एवढंच म्हणतात. हजार पानांना ऐंशी किलो तांदूळ, तीस किलो तूरडाळ, शिऱ्याला तीस किलो रवा आणि तेवढीच साखर, हा आमचा हिशोब.

ग्रंथदिंडी देखणी असते, पण वेळ खाते. पालखी दारोदारी थांबली की प्रत्येक दारात पायांवर पाणी, ओवाळणं. दीड किलोमीटरला दोन तास जातात. मग उद्घाटन लांबतं आणि अध्यक्षांच्या भाषणाला कात्री लागते. आता प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एकच थांबा असतो आणि आरत्या तिथेच येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल हे सगळीकडे होतं तसंच होतं. सत्काराला मात्र धरून ठेवावं लागतं. एका शालीला दोन मिनिटं म्हटली तरी तीस शालींत तास जातो.

संमेलन खरं भरतं ते दुपारी, कथाकथनाला. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी ही कला गावोगाव नेली आणि आमच्या भागात ती अजून टिकून आहे. जेवणानंतरची वेळ परिसंवादाला मारक, कथेला लाभते. पंगती उठवून बायका पदराला हात पुसत मांडवात येतात, म्हाताऱ्या पुढच्या सतरंजीवर बसतात. कथाकाराला टेबल नको, कागद नको; हनुवटीच्या खाली उभा माईक आणि चाळीस मिनिटं पुरतात. स्पीकरवाल्याने ‘एको’ बंद केलाच पाहिजे. लग्नातला एको तसाच राहिला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि हळू आवाजातली वाक्यं वाया जातात. सगळी कथा त्या हळू वाक्यांतच असते. बैल विकायची वेळ येते, कथाकार दावं सोडल्यासारखा हात करतो आणि थांबतो. आत्तापर्यंत खळखळून हसणारी म्हातारी पदर तोंडाशी नेते. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्या बायकांपर्यंत साहित्य असं पोचतं, आणि तेवढ्यासाठी वर्षभराची सगळी धावपळ करावी.

खंत आहे ती हजेरीची. काही पाहुणे शाल घेऊन जेवणाआधीच निघतात. आपली कविता झाली की काही कवी मागच्या कनातीतून बाहेर पडतात आणि शेवटी वाचणाऱ्या नवख्या मुलीसमोर रिकाम्या खुर्च्या उरतात. आता नवखे आधी वाचतात, एकाला एकच कविता, आणि मानधनाचं पाकीट आभारानंतर. गावची शिकून बाहेर गेलेली मुलं वर्गणी पाठवतात, पण त्यांनी एकदा तरी येऊन सतरंजीवर बसावं.

व्यासपीठावर ज्यांची नावं येत नाहीत ती इथे यायलाच हवीत. रात्री दोनपर्यंत वांगी-बटाटे चिरणाऱ्या बचत गटाच्या बायका. टँकर आणून स्वतः नळ्या जोडणारा चालक. जनरेटरला डिझेल कमी पडतंय का बघत मांडवामागेच जेवणारा वायरमन. लेझीम बसवणाऱ्या बाई, टाळ-मृदंगाचं भजनी मंडळ, फलक रंगवणारे पेंटर मामा, शाळेच्या किल्ल्या पहाटे चारला घेऊन येणारे शिपाई अण्णा. पुस्तकांच्या दुकानाला दहा-दहाच्या सुट्या नोटा पुरवणारा किराणावाला. पत्रावळ्या उचलणारी नववीची पोरं, सोमवारी शाळेचं पटांगण झाडणाऱ्या मावशी, आणि दोन दिवस घरची गुरं एकटीने सांभाळून नवऱ्याला मंडळात पाठवणारी प्रत्येक घरधनीण. कुणाचं नाव राहिलं असेल तर हिशोबाच्या बैठकीत हक्काने सांगावं. आभाराच्या पानावर जागा मुद्दाम सोडलेली असते.