इंटर्न आणि दुसऱ्याचा वेळ

रविवार, संध्याकाळ

नव्या इंटर्नची तुकडी उद्या रुजू होईल. ‘सगळ्यांशी मिसळून राहा’ हा सल्ला त्यांना प्रत्येक जण देईल. मिसळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र राहून जाईल. माझं मत आता पक्कं आहे. इंटर्नने आपला वेळ कसा मागितला आणि त्या वेळेचं पुढे काय केलं, यावरून सहकारी त्याला जोखतात. हे जमलं की गप्पाटप्पा मागाहून येतातच.

सुरुवात प्रश्न विचारण्यापासून. काही जण जरा अडलं की शेजारच्याला हाक मारतात. दिवसातून दहा वेळा लक्ष मोडलेला शेजारी आठवडाभरात हेडफोन लावून बसू लागतो. काही जण याच्या उलट. अडाणी ठरू या धास्तीने दोन दिवस एकाच जागी रुतून बसतात, आणि शेवटी कळतं की एका फोल्डरचा अ‍ॅक्सेस तेवढा हवा होता. सिनियर लोक या दुसऱ्या प्रकाराने जास्त वैतागतात, कारण पाच मिनिटांच्या उत्तरापायी दोन दिवसांचं काम मागे पडलेलं असतं. वीस ते तीस मिनिटं स्वतः शोधावं, मग विचारावं, हा हिशेब बहुतेक कामांना लागू पडतो. अ‍ॅक्सेस, पासवर्ड किंवा कोणाची मंजुरी लागते असल्या गोष्टी मात्र कितीही डोकं लढवलं तरी सापडत नाहीत. त्या लगेच विचाराव्यात.

प्रश्नात चार गोष्टी हव्यात: काय करायचं होतं, काय झालं, काय करून पाहिलं आणि स्वतःचा अंदाज काय. उदाहरणार्थ, ‘मार्चच्या अहवालातली बेरीज मूळ तक्त्याशी जुळत नाही, ४२ नोंदी जास्त येतात. तारखा आणि फिल्टर तपासले. रद्द झालेल्या नोंदी धरल्या गेल्या असाव्यात असं वाटतं. बरोबर आहे का?’ याला समोरचा दोन मीटिंगांच्या मधल्या वेळातही एका ओळीत उत्तर देऊ शकतो. ‘हॅलो, एक मिनिट आहे का?’ एवढंच लिहून थांबलं, तर काम मिनिटाचं की तासाचं हे त्याला कळत नाही आणि तो उत्तर टाळतो. घाई नसलेले प्रश्न वहीत साठवून दिवसातून एकदा एकत्र विचारणं सर्वांत सोयीचं.

मदत मागितल्याने आपण समोरच्याच्या मनातून उतरतो, ही भीती बरीचशी निराधार आहे. जेकर आणि लँडी या मानसशास्त्रज्ञांचा १९६९ सालचा एक प्रयोग इथे आठवतो. प्रयोगात पैसे जिंकलेल्या काही जणांकडे संशोधकाने स्वतः ते परत देण्याची विनंती केली, काहींकडे विभागाच्या वतीने सेक्रेटरीने केली, तर उरलेल्यांकडे कोणीच काही मागितलं नाही. संशोधक सर्वांत जास्त आवडला तो पहिल्या गटाला आणि सर्वांत कमी आवडला तो दुसऱ्या गटाला. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. मोठ्या ग्रुपवर ‘कोणी सांगेल का?’ असं टाकलं की सगळे दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहतात. एका माणसाला नाव घेऊन, त्यालाच का विचारतो हे सांगून विचारलं, तर त्याला आपल्या जाणतेपणाची कदर झाल्यासारखं वाटतं.

आणि मग बहुतेक इंटर्न जिथे कमी पडतात ती गोष्ट: सल्ल्याचं पुढे काय झालं हे कळवणं. ‘धन्यवाद’ सगळेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही म्हणालात तसंच निघालं, रद्द नोंदी वगळल्यावर बेरीज जुळली’ असं कळवणारे विरळा. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी लोक हातातलं काम बाजूला ठेवतात. सल्ला वापरला नसेल तर तेही कारणासकट सांगावं, नाहीतर ते तिसऱ्याच माणसाकडून कानावर जातं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, की मात्र माणूस मिटतो. म्हणून उत्तर मिळताच लिहून ठेवायचं.

मेंटॉरला रोज संध्याकाळी तीन ओळी पाठवाव्यात: आज काय झालं, उद्या काय, कुठे अडलं. डेडलाइन चुकणार असं दिसलं की त्याच क्षणी, नव्या तारखेसह सांगावं. मंगळवारी सांगितलं तर शुक्रवारचं काम वाटून घेता येतं. शुक्रवारी सांगितलं तर मेंटॉरला आपल्या वरिष्ठांपुढे मान खाली घालावी लागते, आणि ते तो सहजी विसरत नाही.

मीटिंगमध्ये बोलण्यासारखं काही नसेल तर नोंदी घ्याव्यात: कोण, काय, कधीपर्यंत. तासाभरात सगळ्यांना पाठवल्या तर नवख्याचं नाव पटकन लक्षात राहतं. फीडबॅक ऐकताना लगेच खुलासा करत बसू नये. आधी लिहून घ्यावं, समजलं नसेल तर उदाहरण मागावं. सहकाऱ्यांमधल्या जुन्या तंट्यांत पडू नये, कारण इंटर्नला त्यांची मागची बाजू ठाऊक नसते.

टीमबाहेरच्या लोकांचं काय? दर आठवड्याला एका वेगळ्या विभागातल्या माणसाकडे पंधरा-वीस मिनिटं मागावीत, दोन-तीन प्रश्न आधीच पाठवावेत आणि ठरल्या वेळी उठावं. ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलेल्या आकडेवारीत, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १६.७ टक्के लोकांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसामार्फत मिळाली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. तेव्हा या विरळ ओळखी टिकवाव्यात.

शेवटच्या आठवड्यात हस्तांतराची एक फाइल करावी: कोणतं काम कुठवर आलं, फाइली कुठे आहेत, काय अर्धवट आहे आणि का. शेवटच्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी ती मेंटॉरला द्यावी, म्हणजे त्याच्या शंका समोरासमोर मिटतील. निरोपाचा एकच मेल सगळ्यांना धाडू नये. ज्यांनी वेळ दिला त्यांना वेगळं लिहावं, आणि नेमकं काय शिकायला मिळालं ते त्यात असावं.