तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीलंकेच्या डोंगरात सायकल, पण रूट कुठला?

नाशिकच्या गंगापूर रोडला रविवारची राइड संपवून चहाला थांबलो की कोणीतरी विचारतंच, ताई, श्रीलंकेला सायकल घेऊन जायचंय, रूट कुठला लावू? लगेच दुसरा म्हणतो, डोंगरच चढायचेत तर लडाख काय वाईट, आणि तिसऱ्याला वाटतं की समुद्राकाठच्या सपाट रस्त्याने बेटाला चक्कर मारून यावी, सोपं पडेल. तिघांनाही उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

माझं मत आधीच सांगते. पहिल्यांदा जात असाल तर किनाऱ्याची चक्कर नको, बेट आडवं कापा, पश्चिमेकडून डोंगर चढा आणि आग्नेयेला उतरा. किनाऱ्याचा मुख्य रस्ता म्हणजे घामाची आंघोळ आणि कानाजवळून जाणाऱ्या बस. आणि लडाखचं म्हणाल तर तिथे विरळ हवेत शरीर रुळायला दिवस द्यावे लागतात. श्रीलंकेत तुम्ही समुद्रावरून निघता आणि नुवारा एलियाला १,८६८ मीटरवर पोचता, श्वासाचा काही त्रास नाही, पण नारळ संपून रबर, रबर संपून चहा, चहाच्या वर धुकं आणि स्वेटर, हे सगळं तीनेक दिवसांच्या पेडलिंगमधे डोळ्यासमोर बदलत जातं. छोट्या बेटावर उंच डोंगर असले की हेच सुख असतं, सगळं जवळजवळ. शिवाय दर थोड्या अंतराला दुकान, चहा, राहायला खोली, त्यामुळे तंबू-स्टोव्ह काही वाहायला लागत नाही.

विमानतळ कोलंबो शहरात नाही, तो कटुनायकेला, नेगोंबोच्या शेजारी, त्यामुळे कोलंबोत शिरायचंच नाही. नेगोंबोला सायकल जोडा आणि पहाटे निघा. कोलंबो-कँडी हायवे टाळा, फार ट्रॅफिक. आतल्या रस्त्याने गिरिउल्ला, कुरुनेगला करत गलगेदराच्या घाटाने कँडीत चढायचं, हा चढ छोटा आहे, पाय मोकळे होतात. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, ते एक बरं.

कँडी ते नुवारा एलिया साधारण ७५-८० किलोमीटर, आणि माझ्यासाठी सगळ्या रूटचा जीव इथे आहे. गंपोला, पुसेल्लावा, रंबोडा, लबुकेली. इंग्रजांनी आधी कॉफीसाठी हे डोंगर साफ केले, १८६९ पासून पानांवर तांबेरा पडला आणि कॉफी बसली, मग सगळीकडे चहा आला. जेम्स टेलरने कँडीजवळच्या लूलकंदुरात १८६७ लाच चहाचा मळा लावला होता. चढ लांबलचक आहे पण मारका नाही, एका लयीत बसलात की तासन् तास चालतो. रंबोड्याला धबधबे दिसायला लागतात, मग हेअरपिन सुरू होतात, वरच्या वळणावरून खालची तीन वळणं दिसतात आणि वाटतं एवढं आपण चढलो! चहाच्या फॅक्टऱ्या उंच, ओळीने खिडक्या असलेल्या, त्यांच्या खाली थांबलात की सुकत घातलेल्या पानांचा ओलसर गोड वास येतो, तो पाकिटातल्या चहाला कधीच येत नाही.

एका वळणावर पानांचं वजन चाललं होतं. बायका डोक्याला अडकवलेली पोती उतरवत होत्या, माणूस काट्याला एकेक पोतं लावून वहीत आकडा लिहीत होता आणि प्रत्येक बाई त्याच्या खांद्यावरून वाकून आपला आकडा बघून घेत होती. ह्या लोकांचे पूर्वज तमिळनाडूतून मळ्यांवर कामाला आणलेले, घरात तमिळच. मी अक्का म्हणून हाक मारली तर एकीने आधी सायकलवरच्या बॅगा दाबून बघितल्या आणि मग विचारलं, एकटीच का? हो म्हटल्यावर तिने साखर वेगळी दिलेला कोरा चहा पुढे केला. ह्या बाईच्या मजुरीवर त्या देशाचा चहा उभा आहे, ते डोक्यात ठेवून मळ्यातून जा, फोटो काढायचा तर विचारून काढा.

नुवारा एलियाच्या पुढे थोडंसं उतरलं की हकगलाच्या अलीकडे सीता एलियाचं देऊळ रस्त्यालाच लागून आहे, खाली ओढा, खडकावर खळगे, ती हनुमानाची पावलं असं लोक मानतात. मी पंचवटीतली. सीतागुंफेसमोरची रांग लहानपणापासून बघितलेली, आणि तिला पळवून नेलं ते इथे ठेवलं असं मानणारी माणसं समोर, त्या ओढ्यात पाय घालून बसल्यावर मला भरून आलं. नाशिककरांनी इथे घाई करू नये एवढंच सांगते.

आता पावसाचं, कारण सगळं प्लॅनिंग ह्यावर आहे. इगतपुरीला कोसळतो आणि सिन्नरला ढग नुसते वरून जातात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तिथे हेच, फक्त दोन्ही बाजूंनी. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून पश्चिमेचा उतार भिजवतो, तेव्हा पलीकडे, पूर्वेच्या उतारावरच्या ऊवा भागात कोरडा वारा सुटलेला असतो, आणि डिसेंबरच्या आसपास ईशान्य मान्सून पूर्वेकडून येतो. म्हणून जानेवारीचा शेवट ते मार्च हा काळ धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि दरडी पडतात, तिथली नॅशनल बिल्डिंग रिसर्च ऑर्गनायझेशन दरडींचे इशारे देते, ते रोज बघायचे. हकगला ओलांडून वेलिमडाकडे उतरताना दोन बाजूंचा हा फरक कातडीला कळतो, गारठा जातो, चहा विरळ होतो, पायऱ्यापायऱ्यांची भाजीची शेतं लागतात.

मुक्कामाला एल्ला सगळे सांगतात. मला गर्दी वाटते, मी बंदारवेला किंवा हपुतले म्हणेन. हपुतले डोंगराच्या धारेवर बसलंय, एका बाजूला दक्षिणेचं मैदान खाली पसरलेलं. दंबतेन्नेच्या चहाच्या फॅक्टरीवरून लिप्टन सीट ह्या पॉइंटला चढा, पण पहाटे, नंतर ढग येऊन सगळं झाकतात. मग एल्लावरून वेल्लवायाला उतार, २७ एक किलोमीटर, वाटेत रावण धबधबा. चाकाची कड दाबणारे रिम ब्रेक असतील तर थांबत थांबत उतरा, बॅगांच्या वजनाने रिम तापते.

वेल्लवायाच्या पुढे एक गोष्ट अजिबात करायची नाही म्हणजे नाही: बुत्तला-कतरगामा रस्ता सायकलने करू नका. तिथे हत्ती रस्त्यावर येऊन गाड्या अडवतात, खायला मागतात, सायकलवाल्याला पळायलाही जागा नाही. तनमल्विलाच्या रस्त्याने तिस्समहारामला जा, तेही उन्हं वर आल्यावर, संध्याकाळी नाही.

खायची चिंता नको. सकाळी इंदिआप्पा म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, पोल संबोल म्हणजे ओल्या नारळाची तिखट चटणी आणि परिप्पू म्हणजे डाळ, ह्यावर चढ होतो. शाकाहारी लोकांनी मात्र संबोलमधे सुकी मासळी आहे का ते विचारायचं. सकाळ-संध्याकाळ एकच सूर वाजवत पाव विकणारी टुकटुक येते, तिला हात केला की गरम बन मिळतो. नारिंगी शहाळी, थंबिली, जिथे दिसतील तिथे प्या.

आणि रोज किती किलोमीटर, हा प्रश्न. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या आपल्या नाशिकच्या भावांनी २०१५ ला रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल रेस, पूर्ण केली तेव्हापासून इथे लांब अंतराचं वेड आलं, मला त्याचा अभिमानच आहे, पण टूरिंगला तो हिशोब लागू पडत नाही. चढ मोजा. दिवसाला हजारेक मीटर चढ झाला की सायकल लावून गाव बघा. मागच्या चाकाला निदान ३४ दातांची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चक्रांचा संच, हवी. ती बसवून घ्या, दोन्ही बॅगांत पुस्तकं भरा आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट लागोपाठ दोनदा चढा, फक्त नवरात्र आणि चैत्राची यात्रा सोडून. दुसऱ्यांदा वर पोचून बोलता येत असेल तर तिकीट काढा.