डोक्यावरचा सात टनांचा साठा

उन्हाळ्यात रात्री अकराला भिंतीला तळहात लावून बघा. बाहेर वारा गार झालेला असतो आणि भिंत अजून कोमटच, दिवसभर प्यायलेलं ऊन ती आता सावकाश खोलीत सोडत बसलेली असते. आम्ही कायम वरच्या मजल्यावर राहिलो त्यामुळे "स्लॅब तापलाय, आज झोप नाही" हे वाक्य घरात ठरलेलं. हाच स्लॅब आपल्या बाजूने वळवता येतो हे मला फार उशिरा कळलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

सोलरची अडचण माहितीच आहे, दुपारी वीज भरपूर आणि सूर्य कलला की बंद, नेमकं तेव्हाच सगळे घरी येऊन एसी लावतात. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी २०१३ मध्ये ह्याचा आलेख मांडला तो बदकासारखा दिसला, तेव्हापासून त्याला डक कर्व्हच म्हणतात. ह्यावर सगळे बॅटरी बॅटरी करतात, ती हवीच, पण संध्याकाळची बरीचशी मागणी गारव्यासाठी असते (थंड प्रदेशात उबेसाठी) आणि दुपारच्या सोलरवर एसी चालवून गारवा साठवायला बॅटरीतलं लिथियम लागत नाही, स्लॅबचं काँक्रीट पुरतं.

हिशोबच करू. २० चौरस मीटरची, ३ मीटर उंच खोली घ्या. आतली सगळी हवा भरते जेमतेम ७२ किलो. वरचा १५ सेंटीमीटरचा स्लॅब भरतो ७ टनांच्या वर! हवा एक डिग्रीने गार करायला ०.०२ युनिट गारवा लागतो, स्लॅबला जवळपास पावणेदोन युनिट. म्हणजे स्लॅब दुपारी दोन डिग्रीने उतरवला तर साडेतीन युनिट गारवा डोक्यावर जमा, आणि एसी एका युनिट विजेवर साधारण तीन युनिट गारवा देतो, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज. १०० चौरस मीटरच्या घराला सहा युनिट वीज धरा, आणि हे काँक्रीट आधीच ओतलेलं आहे, वेगळं काही विकत आणायचं नाही.

मी पहिल्यांदा केलं ते चुकलं. संध्याकाळी पाचला तासभर एसी जोरात लावला, बंद केला आणि पंधरा मिनिटांत खोली परत होती तशी, कारण गार झाली होती फक्त ती ७२ किलो हवा. स्लॅब सावकाश घेतो आणि सावकाशच देतो. मग दुपारी एकपासून पाचपर्यंत, नेहमीपेक्षा दोन डिग्री खाली, असं रोज लावायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री नऊला छताला हात लावला तर गार लागला, खरंच सांगतो, इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना स्टुलावर चढवून हात लावायला लावला.

पण फॉल्स सीलिंग असेल तर हे विसराच. मधल्या हवेच्या थराने स्लॅब खोलीपासून तुटतो, तसंच जमिनीवर जाड कार्पेट घातलं की तेच. दिवसाभरात उष्णता काँक्रीटमध्ये साधारण १०-१५ सेंटीमीटरच आत जाते, त्यामुळे फार जाड भिंतीचा गाभा रोजच्या कामाचा नाही, उघडा पृष्ठभाग जास्त महत्त्वाचा. आणि इन्सुलेशन बाहेरून हवं. आतून लावलं तर भिंत बाहेरच्या उन्हाची होते, बाहेरून लावलं तर आपली! वरच्या मजल्यावर तर गच्चीवर आधी इन्सुलेशन, मग बाकीचं.

काही इमारतींत स्लॅबच्या पोटातच पाइप टाकून त्यातून पाणी फिरवतात, ते जास्त ताब्यात राहतं, फक्त दमट हवेत पाणी फार गार ठेवलं तर छताला घाम फुटतो.

फुकट काहीच नाही हेही खरं. दुपारच्या उन्हात एसीला जास्त राबावं लागतं आणि साठवलेला थोडा गारवा निसटतोच, त्यामुळे एकूण युनिट जरा वाढू शकतात. हीट पंपने (म्हणजे उलटा चालणारा एसी, बाहेरची ऊब आत आणणारा) ऊब साठवताना मात्र उलटं, दुपारी बाहेर उबदार म्हणून त्याला सोपं जातं. मला विचाराल तर वाया जाणारी सोलर वापरून संध्याकाळची कोळशाची वीज वाचत असेल तर थोडे जास्त युनिट गेले तरी चालतील. मला खरी काळजी वाटते ती सगळ्यांचे एसी रात्री एकाच मिनिटाला परत सुरू झाले तर काय ह्याची, कारण मग मागणीचा तोच डोंगर दोन तास पुढे सरकतो, तेव्हा घरागणिक वेळा मागेपुढे ठेवणारं कंट्रोल लागणारच.