आमची वाटचाल: खाऱ्या पाण्याच्या वाटेने

सुरुवात गोड्या पाण्यातली. ठाण्यात घराच्या गॅलरीत चार टँक, कुर्ल्याहून आणलेले गप्पी नि गोल्डफिश, आणि रविवारी दवाखान्यांतले टँक साफ करायला जाणारे आम्ही दोघे भाऊ.

खाऱ्या पाण्याचं पहिलं काम डोंबिवलीच्या एका काकांचं. 300 लिटरचा टँक. नातीच्या वाढदिवसाला मासे दिसायला हवे होते, म्हणून नवव्या दिवशीच आम्ही क्लाउनफिशची जोडी सोडली. तिसऱ्या सकाळी फोन आला. मासे पाण्याच्या वर येऊन धापा टाकत होते आणि अमोनियाच्या, म्हणजे माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषाच्या, चाचणीची नळी गर्द हिरवी, म्हणजे प्रमाण फार जास्त. दुपारपर्यंत दोन्ही गेले. "नातीला काय सांगू?" काकांनी विचारलं. चूक पूर्णपणे आमची होती. पैसे परत केले आणि त्या दिवसापासून ठरवलं, अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट, ही दोन्ही विषं शून्यावर आल्याशिवाय मासा सोडायचा नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

काही गेलेही. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे समुद्रातला दगड उचलून टँकमध्ये ठेवायचा प्रश्नच येत नाही, आणि यायलाही नको. आम्ही कोरडा दगड लावतो. समुद्रातल्या दगडावर असतात तसे अमोनिया खाणारे जिवाणू त्यावर नसतात, ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतातच. त्यांना खाद्य म्हणून नवसागर घालतो. कल्हईवाल्याकडचा नाही, प्रयोगशाळेत मिळतो तो शुद्ध. 100 लिटरला साधारण 0.6 ग्रॅम, म्हणजे अमोनिया 2 पीपीएमच्या आसपास येतो. वहिनी रोजचे आकडे वहीत लिहितात. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतो, शेवटी नायट्रेट उरतं. या सगळ्याला आम्ही सायकल म्हणतो.

या उरलेल्या नायट्रेटसाठी रेफ्युजियम. सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीत, काचेच्या आडपट्ट्या लावून केलेला एक कप्पा, त्यात शेवाळ वाढवायचं. कप्पा पहिल्या दिवशीच बांधून घ्यावा, पाणी भरल्यावर काच चिकटवता येत नाही. वीज गेली की वरच्या टँकचं थोडं पाणी पाइपांतून सम्पमध्ये उतरतं, तेवढी जागा रिकामी सोडतो. पण शेवाळ पहिल्या दिवशी टाकू नये, असं आमचं ठाम मत आहे. ते अमोनियाही खातं, आकडे लवकर उतरलेले दिसतात आणि जिवाणू किती तयार झाले ते कळतच नाही. सायकल पुरी होईपर्यंत कप्प्यातला दिवा बंद.

सुरुवातीला आम्ही कॉलर्पा नावाचं शेवाळ लावायचो, दिसायला देखणं. एका टँकमध्ये ते रातोरात पांढरं पडलं, पाणी दुधाळ झालं आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत आलं. तेव्हापासून फक्त चेटो नावाचं शेवाळ. हिरव्या नायलॉन दोऱ्याचा गुंता झाल्यासारखं दिसतं, हाताला खरखरीत. दिवा रात्री लावायचा. वरचा टँक अंधारात असताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो हे शेवाळ ओढून घेतं आणि पीएच फार घसरत नाही.

दोन-तीन महिन्यांनी रात्री बॅटरी घेऊन त्या कप्प्यात बघा. काचेवर रव्याच्या कणाएवढे ठिपके टुणटुण उड्या मारत असतात. ते कोपेपॉड, कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव. वर मासे असतात, तिथे ते फारसे टिकत नाहीत, इथे निवांत वाढतात आणि पंपातून थोडे थोडे वर जातात. मँडरिन मासा मुख्यतः हेच खातो, म्हणून तो हवा असेल तर आधी हे ठिपके दाखवा, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो.

आज ठाण्यातच छोटा गाळा आहे, हाताखाली दोन मुलं आहेत. गाळ्यातला चेटोचा पहिला गुंता अजून जिवंत आहे. दर पंधरा दिवसांनी निम्मा काढतो आणि ज्यांची सायकल पुरी झाली त्यांना मूठभर देतो. त्याचे पैसे घेत नाही. परवाच कल्याणच्या एका ताईंकडे पिशवी पोचवली. त्यांचा अडतिसावा दिवस होता. कप्प्यातला दिवा त्यांनी स्वतः लावला आणि क्लाउनफिशची जोडी सांगून ठेवली आहे, पुढच्या रविवारसाठी.