तुम्ही विचारलंत म्हणून: ‘व्हॉयेज’ची बाजू मी का घेते

‘खरं सांगा ताई, अ‍ॅबाचा तो ‘व्हॉयेज’ अल्बम तुम्हाला आवडला, की जुन्या प्रेमापोटी बोलताय?’ कोल्हापुरात राजारामपुरीत आमची गाणी ऐकणारी मंडळी जमतात, त्यांतलं कुणी ना कुणी हे मला विचारतंच. लग्नाच्या पंगतीत विचारतात, रंकाळ्यावर फिरताना गाठून विचारतात. प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं असतं, त्याचा मला त्रास होतो. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

अ‍ॅबा म्हणजे स्वीडनचा चौघांचा पॉप गट, दोन जोडप्यांचा. त्यांचा आधीचा अल्बम ‘द व्हिजिटर्स’ १९८१ चा, ‘व्हॉयेज’ आला ५ नोव्हेंबर २०२१ ला. मधे चाळीस वर्षं. तो आला आणि आमच्यात सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, थांबले होते तेच शोभत होतं. संगीत जिथल्या तिथे, आवाज उतरलेले. दुसरा तट पहिल्या गाण्यापासूनच डोळे पुसतो आणि एका ओळीलाही नाव ठेवू देत नाही. मला दोघांचाही राग येतो.

‘लिटल थिंग्ज’ हे नाताळचं गाणं मी आजही पुढे ढकलते. त्यातला लहान मुलांचा कोरस मला सोसवत नाही. ‘बंबलबी’ गोड आहे, पण हवामानबदलाच्या ज्या काळजीवर ते लिहिलंय ती काळजी मला त्यात लागत नाही. ‘जस्ट अ नोशन’मध्ये गळे १९७८ चे आणि साथ नवी. अल्बमचं ते पाचवं गाणं. ते संपून सहावं सुरू झालं की मधली सगळी वर्षं एका क्षणात कानावर येतात. गाणाऱ्या दोघींपैकी त्याच अग्नेता, पण पट्टी खाली आलेली, श्वास जवळून ऐकू येणारा.

आवाज उतरला, हा आक्षेप कोल्हापुरात बसून कुणी घ्यावा याचंच मला नवल वाटतं. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून इथे आणलं. आधी एका संस्थानात अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला होता. परत आला तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजातून त्यांनी जी गायकी उभी केली, तिचा अभिमान आपण आजवर सांगतो. मग स्वीडनच्या दोन बायकांनी सत्तरीच्या आगेमागे आपल्या आहे त्या आवाजात गायचं ठरवलं, तर त्यांनी पंचविशीतलाच गळा दाखवावा असा हट्ट कशासाठी?

अर्थात, २०१८ मध्ये अ‍ॅबाने दोन नवी गाणी रेकॉर्ड केल्याचं जाहीर केलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने नाराज झालेली मीच होते. जोड्या मोडल्या, तरी ते मोडलेपण गाण्यात ओतून ही माणसं गप्प झाली होती. आता परत येऊन काय सांगणार, असं मी म्हणत होते. ते म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. लंडनमध्ये त्यांच्या तरुण डिजिटल प्रतिमा गातात आणि लोक तिकीट काढून बघतात, हे ऐकलं की २०१८ ची मी पुन्हा तोंड वर काढते. तिच्याशी वाद घालते. दर वेळी जिंकतेच असं नाही.

पण तुमचा प्रश्न खरा आम्ही तो अल्बम एकत्र ऐकला त्या संध्याकाळबद्दलचा आहे, हे मला कळतं.

अल्बम पाडव्याला आला होता. भाऊबीज झाली आणि रविवारी एका मित्राकडे आम्ही तो सगळे मिळून ऐकायला बसलो. फराळाची ताटं पुढे होती. सातवं गाणं लागलं, ‘कीप अ‍ॅन आय ऑन डॅन’. घटस्फोट झालेली आई शनिवार-रविवारपुरती मुलाला बापाकडे सोडते आणि जाता जाता त्याच्याकडे लक्ष ठेव म्हणून सांगते. एक गृहस्थ म्हणाले, ‘या वयात नातवंडांची गाणी म्हणायची, तर शाळकरी पोराची कसली?’ सगळे हसले.

मी मात्र मनाने कितीतरी वर्षं मागे, एसटी स्टँडवर होते. सांगलीची गाडी लागलेली. मुलाच्या खांद्याला दप्तर, खिशात मी लिहिलेली चिठ्ठी: औषध रात्री जेवणानंतर, पाणी कोमट, पंख्याखाली झोपवू नको. त्याचे वडील चिठ्ठी न उघडता मान हलवायचे. मी तेच तोंडी सांगायची, पुन्हा सांगायची. मुलगा खिडकीशी बसायचा आणि गाडी हलेपर्यंत माझ्याकडे बघायचा नाही. परीख पुलाखालून घरी येताना मला आठवायचं, की कानटोपी द्यायची राहिली.

गाण्याच्या शेवटी पियानोवर १९७५ च्या ‘एसओएस’मधली ओळखीची जागा येते. ती त्या हसण्यात बुडाली. मी उठून गाणं परत लावलं आणि म्हटलं, आता शेवटपर्यंत कुणी बोलू नका. ऐकलं सगळ्यांनी. मग तेच गृहस्थ, अगदी सौम्यपणे, म्हणाले, ‘ताई, हे गाण्याचं कौतुक नाही. तुमच्या आयुष्याचं आहे.’

हे मला फार लागलं. लागलं, कारण त्याला तोडीचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. आज एवढं म्हणते: चाल नाचायची, ठेका पळता, आणि आत सूचनांमागून सूचना देत सुटलेली आई. स्टँडवर माझं बोलणं अगदी याच घाईत चालायचं. ही कारागिरी आहे, माझं आयुष्य नव्हे. गटातलं एक जोडपं, बियॉर्न आणि अग्नेता, वेगळं झालं तेव्हा त्यांना दोन लहान मुलं होती. हे लिहिण्यात बियॉर्न आहे, गाते अग्नेता. हे गाणं तिशीत जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

मुलगा दिवाळीला घरी होता. त्याच रात्री त्याला ऐकवलं. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, ‘आई, चांगलं आहे. पण यात डॅन एक शब्दही बोलत नाही.’ मी म्हटलं, ते आईचं गाणं आहे. तो म्हणाला, ‘तेच तर.’ त्यावर आमचं अजून पटलेलं नाही. अल्बम त्याला सामान्य वाटतो, मला त्यातली निदान पाच गाणी थोर वाटतात, आणि यंदाच्या दिवाळीतही आम्ही त्यावरून भांडलो.