चाळकेवाडीचा वारा आणि ट्रायपॉड

आज दिवसभर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर होतो. पवनचक्क्या उगाच इथे उभारलेल्या नाहीत! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि हे गणित कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या पायांना लगेच कळतं.

सोबतच्या मित्राचा ट्रायपॉड चार टप्प्यांत उघडणाऱ्या पायांचा, प्रवासाला सोयीचा. त्याचा शेवटचा टप्पा बोटापेक्षा बारीक. एक सेकंदाच्या एक्स्पोजरला, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून, पात्यांची हालचाल छान धूसर येत होती, पण सोबत डोंगराची कडही धूसर. माझा तीन टप्प्यांचा, जाड पायांचा, अ‍ॅल्युमिनियमचा आहे. चढताना खांदा दुखतो खरा, पण तिथे तो हलला नाही. कार्बन फायबर हलका असतो आणि कंपनंही लवकर शमवतो. मात्र वाऱ्यात वजन हवंच, म्हणून ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याखालच्या हुकाला बॅग लावायची. ती लोंबकळत ठेवली तर झोका घेते आणि सगळंच हलवते, तेव्हा जमिनीला टेकलेली असू द्या.

मधला दांडा वर काढू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. त्यापेक्षा ट्रायपॉडचे पाय फाकवून तो खाली घ्या आणि तुम्हीही खाली बसा. कॅमेऱ्याचा पट्टाही काढून ठेवा, तो शिडासारखा फडफडतो.

नवा घेणार असाल तर दुकानातच पूर्ण उंचीवर उघडा आणि माथा धरून हलकेच पिळून बघा. पाय वळले तर तो सह्याद्रीसाठी नाही. कोकणकड्यावर कुणी कोणता वापरलाय? सांगा, पुढची फेरी तिकडेच आहे.