आजीचा वैल आणि माझी तुसाची पेटी

दिवाळी सरली की मी माळ्यावरची पेटी खाली काढते. जुनी लाकडी, जाड फळ्यांची. बुडाला भाताच्या तुसाची चार बोटं जाड गादी, चारी बाजूंनी आजीची गोधडी दाबून बसवलेली आणि वर झाकायला तुसाचीच उशी. संक्रांत होऊन ऊन तापेपर्यंत आमच्याकडचे हुलगे, तुरीची डाळ, बाजरीची खिचडी गॅसवर नुसता कढ आणून मग हिच्यातच शिजते.

आजोळ निफाड तालुक्यातलं. थंडीत पहाटे रांजणातलं पाणी बोटांना डसायचं. आजी आधण आणायची, हुलगे वैरायची आणि दणकून कढ आला की पातेलं वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या मागच्या तोंडावर, सरकवायची. “आता तुझं तू शीज,” असं त्याला म्हणायची. पुढे चुलीवर भाकऱ्या चालायच्या आणि मागच्या नुसत्या धगीवर हुलगे बोटचेपे व्हायचे. वेगळं जळण लागायचं नाही.

गॅसला वैल नाही, म्हणून ही पेटी. कढ आल्यावर उघड्या पातेल्यातलं पाणी त्याहून तापत नाही. जाळ मोठा ठेवला तर जास्तीचा गॅस फक्त वाफ करतो. दाण्याला पुढे हवा असतो वेळ, आणि आतली ऊब बाहेर न जाणं. पुण्याच्या आरती संस्थेचा सराई कुकर शंभरेक ग्रॅम कांडी कोळशावर चार-पाच माणसांचं जेवण शिजवतो. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजीचा वैलच आठवला.

बाजरी रात्री ओलवून कांडते, कोंडा पाखडते. वाटीभर बाजरीला अर्धी वाटी मूगडाळ आणि चार वाट्या पाणी. पाणी आटत नाही, म्हणून नेहमीपेक्षा वाटीभर कमीच. असं दुप्पट प्रमाण घेते, कारण पातेलं गच्च भरलेलं लागतं. पहिल्या वर्षी मोठ्या पातेल्यात जेमतेम तळ झाकेल एवढी डाळ ठेवली होती, शिवाय मध्येच दोनदा झाकण उघडलं. संध्याकाळपर्यंत ती कोमट झाली, आंबूस वास यायला लागला. सगळी टाकून द्यावी लागली, फार वाईट वाटलं. आता सकाळी आठला दहा मिनिटं खळाखळा उकळून पेटीत घालते आणि साडेबारापर्यंत हात लावत नाही. वाढण्याआधी पुन्हा एक कढ काढते. राजमा मात्र यात करू नका. तो नीट उकळला नाही तर बाधतो, त्याला कुकरच बरा.

बहीण विचारते, कुकर असताना ही खटपट कशाला? कुकरही गॅस वाचवतोच, खरं आहे. पण त्यात माझे हुलगे फुटून गाळ होतो. पेटीतला दाणा अख्खा राहतो आणि जिभेनं दाबला की विरघळतो. कढण दाट, तांबूस येतं. गोधडी उलगडली की वाफेबरोबर लसणाचा वास घरभर जातो.

मामीनं गेल्या वर्षी स्वयंपाकघर नवीन बांधलं, चूल गेली आणि वैलही. पेटीचं ऐकून ती म्हणाली, “पेटी आहे गं माझ्याकडे, तूस कुठून आणू?” पौषात जाणार आहे, तेव्हा तिच्यासाठी गादी आणि उशी शिवून नेते.